लेक गिफ्टेडमध्ये गेली, मैत्रीण राहिली, आता बोर्डासमोर मी काय बोलू?

पत्र (थोडं कापलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे, न्यू जर्सीत येऊन अकरा वर्षं झाली. मुलगी तिसरीत आहे. तिची बेस्ट फ्रेंड ब्लॅक आहे, किंडरगार्टनपासून दोघी एकत्र, मॅथ्समध्ये दोघी सारख्याच, खरं तर ती मैत्रीण थोडी जास्तच हुशार. मागच्या वर्षी टीचरने गिफ्टेड प्रोग्रामसाठी (म्हणजे हुशार मुलांचा वेगळा वर्ग) दोघींपैकी कोणाचंच नाव दिलं नव्हतं. मग ग्रुपमधल्या एकीने सांगितलं की बाहेरच्या सायकॉलॉजिस्टकडून टेस्ट करून घेतली की अपील टाकता येतं. पाचशे डॉलर गेले पण काम झालं. मैत्रिणीच्या आईला असं काही असतं हे माहीतच नव्हतं, ती नर्स आहे, नाइट शिफ्ट करते. परवा पिकअपला बोलता बोलता माझ्या तोंडून अपीलचं निघालं तर ती एकदम गप्प झाली.

आता स्कूल डिस्ट्रिक्टने (इथल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) प्रस्ताव आणलाय की पुढच्या वर्षीपासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची टेस्ट शाळेतच, शाळेच्या वेळात घ्यायची आणि बाहेरचे रिपोर्ट घेणं बंद. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय, 'इक्विटीच्या (समान संधीच्या) नावाखाली आपल्या मुलांच्या सीट खाणार', 'स्टँडर्ड खाली आणणार' वगैरे. माझं इंग्लिश बरं आहे म्हणून स्कूल बोर्डाच्या मीटिंगला मीच विरोधात बोलावं असा आग्रह चाललाय. नवरा म्हणतो ग्रीन कार्ड व्हायचंय, कशातच पडू नकोस. धाकटा पुढच्या वर्षी दुसरीत जाईल म्हणजे माझा पण स्वार्थ आहेच, खोटं कशाला बोलू. आणि परवा रात्री मुलीने विचारलं, "आई, तिला कमी येतं म्हणून ती नाहीये का? पण डिव्हिजन तर मला तिनेच शिकवलं." मी म्हटलं झोप आता. काय करू?

एक आई, सेंट्रल जर्सी

उत्तर:

अगं, "झोप आता" कोणत्या आईने म्हटलेलं नाही! त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पण आज रात्री तो विषय तूच काढ, कारण तू गप्प बसलीस तर ती स्वतःच काहीतरी जुळवून टाकणार, आणि आठ वर्षांचं पोर काय जुळवतं तर जे गिफ्टेडमध्ये ते हुशार, बाकीचे ढ, आणि गिफ्टेडच्या वर्गात मान वळवून बघितलं तर सगळे आपल्यासारखे नाहीतर गोरे, म्हणजे मग ब्लॅक मुलं ढ. हे कोणी शिकवावं लागत नाही, वर्ग बघूनच कळतं त्यांना.

त्यामुळे जे झालं ते झालं तसं सांग. की टीचरने तुझं पण नाव दिलं नव्हतं, आम्हाला अपीलचं कळलं, आम्ही पैसे भरून टेस्ट करून घेतली, तिच्या आईला कोणी सांगितलंच नाही म्हणून तिची टेस्टच झाली नाही. तिला कमी येत नाही. बास, एवढंच. "तू जास्त मेहनत केलीस", "तुझं नशीब चांगलं", "तिचंही होईल हं पुढे" असलं काही जोडू नकोस. ती म्हणेल दॅट्स नॉट फेअर. तर म्हणायचं, हो, नाहीये.

आणि एक बघ, रागावू नकोस, आपल्या पॉटलकमध्ये ब्लॅक लोकांसाठी 'क'वरून सुरू होणारा तो एक शब्द फिरत असतो ना, हसत हसत, पोरांना कुठे कळतंय म्हणून. सगळं कळतं. मी इथल्या पब्लिक स्कूलमध्ये आधी सब्स्टिट्यूट आणि मग क्लासरूम एड म्हणून चौदा वर्षं काढलीत. आपल्याच एका गोड पोराने तो शब्द ब्लॅक मुलाला 'इट्स मराठी फॉर फ्रेंड' म्हणून शिकवलेला मी या कानांनी ऐकलाय. तुमच्या घरी येणाऱ्यांपैकी कोणी वापरत असेल तर आधी ते बंद कर.

आता त्या प्रस्तावाचं. सगळ्यांची टेस्ट घेतली की काय होतं हे कोणी हवेत बोलत नाहीये, हे आधी होऊन गेलंय. फ्लोरिडात ब्रॉवर्ड काउंटी नावाचा प्रचंड मोठा डिस्ट्रिक्ट आहे. तिथे २००५ पर्यंत तुमच्यासारखंच होतं, टीचरने किंवा आईबापाने नाव काढलं तरच मूल पुढे. मग त्यांनी दुसरीतल्या सगळ्या मुलांना एक नॉनव्हर्बल टेस्ट द्यायला सुरुवात केली, म्हणजे आकृत्यांचे पॅटर्न वगैरे, इंग्लिश कसं आहे याच्याशी संबंध नाही, आणि त्यात जी मुलं वर आली त्यांची पूर्ण आयक्यू टेस्ट डिस्ट्रिक्टच्या खर्चाने. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला (कार्डना नंतर २०२१ मध्ये नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी). गिफ्टेडमध्ये ब्लॅक आणि हिस्पॅनिक मुलं चिक्कार वाढली, फ्री लंचवाली, म्हणजे गरीब घरातली वाढली, घरी दुसरी भाषा बोलणारी वाढली, मुली वाढल्या. आणि कटऑफ? तोच. एक पॉइंट खाली आणला नव्हता. म्हणजे ही मुलं आधीपासून त्याच वर्गात त्याच बाकावर बसलेली होती, फक्त त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं. पुढे मंदीनंतर बजेट कापलं, सगळ्यांची टेस्ट थांबली, तर आकडे परत जिथे होते तिथे येऊन बसले. मुलांची डोकी काय बजेटबरोबर कमी झाली होती का?

टीचर नाव का काढत नाहीत यावर मी एक अख्खा लेख लिहू शकेन पण लिहीत नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं एवढंच सांगते, आपला मुलगा काम पटकन संपवून शेजारच्याला त्रास द्यायला लागला तर स्टाफ रूममध्ये वाक्य असायचं "ही इज बोअर्ड, ही नीड्स मोअर चॅलेंज", आणि ब्लॅक मुलाने अगदी तेच केलं तर "ही इज डिफायंट", म्हणजे उद्धट, ऐकत नाही. दोन्ही वाक्यं एकच बाई बोलायची, आणि ती वाईट नव्हती गं, माझ्या मुलाच्या मुंजीला आलेली. हे नुसतं माझं गाऱ्हाणं नाही, अमेरिकन काँग्रेसचं ऑडिट ऑफिस आहे त्यांचा २०१८चा रिपोर्ट आहे की पब्लिक स्कूलमध्ये ब्लॅक मुलं १५.५ टक्के आणि सस्पेंड झालेल्यांमध्ये मात्र ३९ टक्के, आणि शाळा गरीब असो की श्रीमंत, फरक राहतोच. जिच्या मनात 'डिफायंट' बसलंय ती गिफ्टेडच्या फॉर्मवर कोणाचं नाव लिहिणार?

आता ग्रुपवाल्यांची भीती. ती सगळी बाष्कळ आहे असं मी म्हणणार नाही. व्हर्जिनियात फेअरफॅक्सला ती थॉमस जेफरसन हायस्कूल आहे, सायन्सवाली, सगळे टीजे टीजे म्हणतात, तिथे २०२० मध्ये एंट्रन्स टेस्ट आणि शंभर डॉलरची फी काढून टाकली, प्रत्येक मिडल स्कूलमधल्या वरच्या दीड टक्का मुलांसाठी जागा ठेवल्या. निवडणाऱ्यांना मुलाचं नाव कळत नाही, वंश पण कळत नाही. पहिल्याच वर्षी ऑफर मिळालेल्यांमध्ये एशियन मुलं ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आली. तर 'आपली' मुलं कमी झाली हे खरं आहे आणि ज्यांनी सहावीपासून क्लासला पैसे ओतले होते ते भडकले, कोर्टात गेले, २०२३ मध्ये अपील कोर्टात हरले आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस घ्यायलाच नकार दिला. पण अपील कोर्टाच्या त्याच निकालात एक आकडा आहे जो आपल्या ग्रुपवर कधी फॉरवर्ड होत नाही. कमी उत्पन्नाच्या घरातली किती एशियन मुलं टीजेमध्ये निवडली गेली? आदल्या वर्षी एक. नव्या पद्धतीने एकावन्न. टॅक्सी चालवणाऱ्याची, मोटेलमध्ये काम करणाऱ्याची, नेल सलूनवालीची पोरं असतील त्यात, ती पण एशियनच ना? की 'आपली' म्हणजे फक्त आयटीतली?

तरी तुमच्या डिस्ट्रिक्टचा प्रस्ताव टीजेइतका मोठा नाहीच आहे. टेस्ट काढत नाहीयेत, उलट सगळ्यांना देतायत. तुमचं जाणार काय तर पाचशे डॉलर भरून मागच्या दाराने आत जायची सोय. ती जाणार हे मात्र खरं, आणि तुझ्या धाकट्याला ती मिळणार नाही. तू स्वतःहून स्वार्थ कबूल केलास म्हणून मी पण सरळ लिहितेय.

'स्टँडर्ड खाली येईल' वाचलं आणि मला आमच्या हॉस्टेलची मेस आठवली. १९९० मध्ये मंडलचं पेटलं तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगला होते. रस्त्यावर वगैरे उतरले नाही, तेवढी हिंमत नव्हती, पण मेसमध्ये मोठमोठ्याने 'मग मेरिटचं काय' हे माझं चालायचं. समोर माझी रूम पार्टनर, उस्मानाबादकडची, घरात पहिलीच दहावीच्या पुढे गेलेली, खाली मान घालून आमटीत भाकरी कुस्करत बसायची. बारावीला तिला माझ्यापेक्षा सहा मार्क कमी होते. मला वडिलांनी सोलापुरात तीन विषयांचे क्लास लावले होते, तिच्या गावात बारावीच नव्हती, ती रोज एसटीने जाऊन यायची, आणि त्या सहा मार्कांना मी मेरिट म्हणत होते. ती एकदाही माझ्याशी भांडली नाही. आता कुठे असते माहीत नाही, फेसबुकवर शोधलं मी, सापडली नाही.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी हमखास सांगतं की ज्योतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केली, टाळ्या पडतात, अभिमान वाटतो, मलाही वाटतो. आणि टाळ्या वाजवणारे तेच हात रात्री घरी जाऊन 'दे आर टेकिंग अवर सीट्स' टाइप करतात.

"आम्ही बाहेरून आलो, इथल्या काळ्यागोऱ्याच्या भांडणाशी आमचा काय संबंध" हेही तुझ्या ग्रुपवर कोणीतरी म्हणालंच असेल. दोन जुन्या केस सांगते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद नावाच्या शीख माणसाने अमेरिकन सिटिझनशिपसाठी सुप्रीम कोर्टात सांगितलं की मी उच्चवर्णीय आर्य आहे म्हणजे गोराच धरा. नाही धरलं. १९२७ मध्ये मिसिसिपीतल्या मार्था लम या चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं म्हणून तिचे आईवडील कोर्टात गेले, पण वेगळ्या शाळा चूक आहेत असं त्यांचं म्हणणं नव्हतं, आमची मुलगी 'कलर्ड' नाही एवढंच म्हणणं होतं. ती केसही हरले. दोघांनीही ब्लॅक लोकांपासून चार पावलं लांब उभं राहून दार वाजवलं आणि दोघांनाही दार उघडलं नाही. भारतीयांना सिटिझनशिपचा हक्क १९४६च्या कायद्याने मिळाला, पण दार खरं उघडलं कधी? १९५४ मध्ये ब्राउन केसमध्ये वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या, १९६४ मध्ये सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट आला आणि त्याच लाटेत १९६५ मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलला, ज्याच्या जोरावर तुझा नवरा आणि माझा नवरा इथे आले. लाठ्या कोणी खाल्ल्या त्यासाठी? तुझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या पणजीने खाल्ल्या असतील, आपल्यापैकी कोणी नाही.

न्यू जर्सी म्हणजे काय मिसिसिपी नाही असं वाटतं ना? इथल्या १९४७च्या राज्यघटनेत शाळेत वंशावरून वेगळं ठेवायचं नाही असं चक्क लिहिलेलं आहे. पण राज्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, ज्या गावात राहायचं त्याच गावाची शाळा, शाळेचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्सवर, आणि आपण सगळे झिलो या घरांच्या साइटवर शाळेचं रँकिंग बघून घर घेणारे. २०१८ मध्ये यावरून राज्यावर केस झाली, २०२३ मध्ये जज म्हणाले की बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये मुलं वंशाप्रमाणे वेगळी पडलीत हे खरं, पण राज्यभर सगळीकडे तसंच आहे हे सिद्ध झालेलं नाही. म्हणजे तुझी मुलगी आणि तिची मैत्रीण एकाच शाळेत आहेत हेच इथे जरा दुर्मीळ आहे, आणि तिथे पण गिफ्टेडच्या नावाने वेगळा वर्ग.

नवऱ्याचं. त्याला भित्रा म्हणू नकोस. मी एच-फोरवर (नवऱ्याच्या मागून मिळणारा व्हिसा, तेव्हा त्यावर नोकरी करता येत नव्हती) सात वर्षं घरात बसले होते, डिग्री ट्रंकेत ठेवून, मला माहितीये कागद अडकलेले असले की माणूस शेजाऱ्याला हॅलो म्हणायला पण दोनदा विचार करतो, आणि सध्याचे दिवस तर विचारूच नको. न्यू जर्सीच्या कायद्याने बोर्डाला प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, तिथे पालक म्हणून बोलायला सिटिझन असावं लागत नाही. पण त्याला भीती वाटते तर माइकवर जायलाच पाहिजे असं काही नाही, बोर्डाला दहा ओळींची ईमेल लिही, काम तेच होतं. फक्त एक गंमत बघ, विरोधात बोलायचं असतं तरी त्याने 'कशातच पडू नकोस'च म्हटलं असतं का हे त्याला एकदा विचार.

विरोधात बोलू नकोस हे तर तुला कळलंच असेल एव्हाना. पण उगाच 'वी सपोर्ट इक्विटी' म्हणून बसू पण नकोस, असली गोड वाक्यं बोर्डाला रोज ऐकायला मिळतात. कामाचं विचार. टेस्ट कुठली, नॉनव्हर्बल आहे का, एका मुलाचा एक दिवस खराब गेला, ताप होता, चष्मा विसरला, तर दुसरी संधी आहे का, आणि ती शाळेच्या पैशाने आहे का. अपीलची माहिती सगळ्या घरी जाते का की फक्त ज्यांच्या ग्रुपवर आहे त्यांना, स्पॅनिशमध्ये जाते का. मुलं वाढली तर टीचर वाढणार का, नाहीतर चाळीस जणांमागे एक टीचर असं व्हायचं, ही तुझ्या ग्रुपची भीती मात्र रास्त आहे, ती तूच मांड. आणि आता जी मुलं तिसरी चौथीत आहेत, ज्यांची दुसरी निघून गेली, त्यांचं काय? प्रस्ताव पुढच्या वर्षीच्या दुसरीचा आहे, म्हणजे तुझ्या मुलीची मैत्रीण त्यात येतच नाही. हे तुझ्या लक्षात आलं होतं का? मला तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचताना आलं. तिसरीचीही एकदा टेस्ट घ्या, एवढी एक मागणी घेऊन गेलीस तरी पुष्कळ झालं.

ग्रुपवर भांडत बसू नकोस, तिथे कोणाचं मत बदलल्याचं मी अजून बघितलं नाही. "मी विरोधात बोलणार नाहीये, मला प्रस्ताव बरा वाटतो" एवढं लिही आणि म्यूट कर. दोघीतिघी तुला वेगळा मेसेज करतील की आम्हालाही तसंच वाटतं पण लिहिता आलं नाही. हे दरवेळी होतं.

राहिली मैत्रिणीची आई. ती गप्प झाली म्हणजे रागावली असं धरून चालू नकोस, रात्रभर ड्युटी करून आलेल्या बाईला दाराशी उभं असताना कळलं की एक रस्ता होता आणि तो तिला कोणी दाखवला नाही, ती काय बोलणार? तिला फोन कर. "मला तुला मागच्या वर्षीच सांगायला हवं होतं, सुचलं नाही, माझं चुकलं" असं म्हण आणि लगेच कामाचं बोल, बाहेरचे रिपोर्ट या वर्षी अजून घेतायत, अपीलची शेवटची तारीख अमुक, आम्ही गेलो ती सायकॉलॉजिस्ट ही, फी एवढी, काही युनिव्हर्सिटी क्लिनिकमध्ये स्वस्तात होतं तेही विचारून बघ. पैसे देऊ का असं विचारू नकोस, तिने मागितले नाहीयेत. रडू वगैरे नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. ती 'थँक्स' म्हणून फोन ठेवेल कदाचित, ठेवू दे. आणि सहज विचारते, चार वर्षांत त्या पोरीला गणपतीला बोलावलंत का कधी? बर्थडे पार्टी नाही म्हणत मी, ती तर सगळ्या वर्गाची असते.

हा फोन मीटिंगच्या आधी कर. कारण मीटिंगमध्ये तुला तिच्या मुलीचं उदाहरण द्यावंसं वाटणार, दोघी मैत्रिणी, एक आत एक बाहेर, ऐकणाऱ्याला लगेच भिडतं. तिला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. ती नको म्हणाली तर फक्त तुमचं सांग, पाचशे डॉलर आणि अपील. आणि ती म्हणाली की मीच येते बोलायला, तर नाइट शिफ्टच्या आधी तिला तेवढा वेळ मिळावा म्हणून साइन-अपच्या यादीत तिचं नाव वर येईल असं लवकर जाऊन बस, आणि तोवर दोन्ही पोरी तुझ्या नवऱ्याकडे सोड.